शेतातून बंद खोलीत : गांजाच्या लागवडीचे ज्ञान, कायदा आणि नवखा लागवडदार (१८७७ ते २०२४)

प्रस्तावना

कोणत्याही पिकाची लागवड प्रथमच करणाऱ्या माणसाला सल्ल्याची गरज भासते. बी कोणते घ्यावे, केव्हा पेरावे, निगा कशी राखावी, काढणी कधी करावी हे प्रश्न ऊस, द्राक्ष किंवा तंबाखू यांच्या बाबतीत जसे उद्भवतात तसेच ते गांजाच्या बाबतीतही उद्भवले. अन्य पिकांचा सल्ला बापाकडून मुलाकडे किंवा कृषी खात्याकडून शेतकऱ्याकडे गेला. गांजाच्या लागवडीचा सल्ला मात्र प्रथम सरकारी अहवालात, नंतर टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकांत आणि अलीकडे काही देशांच्या कायद्याच्या कलमांत अवतरला. या प्रवासात वनस्पती फारशी बदलली नाही. बदलली ती तिची जागा. एकेकाळी सरकारी परवान्याने उघड्या शेतात पिकणारी ही वनस्पती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपात बंद खोलीत, विजेच्या दिव्याखाली वाढू लागली.

घरातील लागवडीचा विचार सामान्यतः तंत्राचा विषय म्हणून केला जातो. दिवे, पंखे, गाळण्या आणि खते यांच्या चर्चेतच तो संपतो. या लागवडीला खोलीत का जावे लागले, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. गांजाची लागवड घरात जाण्यास वनस्पतीची गरज कारणीभूत झाली नसून कायद्याचा दबाव कारणीभूत झाला, आणि त्यामुळे लागवडीच्या ज्ञानाचे स्वरूपच पालटले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी बंगालमधील नौगाव, मुंबई इलाखा आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने या तीन प्रदेशांतील घडामोडींचा विचार केला असून, शेवटी भारतातील आजच्या कायदेशीर स्थितीकडे लक्ष वेधले आहे.

वनस्पतीची दोन वैशिष्ट्ये

पुढील विवेचन समजण्यासाठी या वनस्पतीची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिले वैशिष्ट्य असे की, पपईप्रमाणे हिची नर झाडे व मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे. मादी फुलांवर नराचे पराग पडले की बी धरते आणि मालाची प्रत घसरते. म्हणून गांजासाठी लागवड करणाऱ्याला नर झाडे वेळीच ओळखून काढून टाकावी लागतात. सर्व काळांतील आणि सर्व देशांतील सल्ल्याचे हे मध्यवर्ती सूत्र आहे.

दुसरे वैशिष्ट्य फुलोऱ्याच्या काळाविषयी आहे. या वनस्पतीचे बहुतेक प्रकार दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येतात. फ्रेंच संशोधक ज्युलियां तुर्न्वा यांनी १९१० ते १९१४ या काळात याच वनस्पतीवर व हॉप या वेलीवर प्रयोग करून, प्रकाशाचे तास कमी केल्यास झाडे लवकर फुलतात असे दाखविले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच त्यांचा मृत्यू झाल्याने हे काम अपुरे राहिले. पुढे १९२० मध्ये अमेरिकी कृषी खात्यातील गार्नर व अलार्ड यांनी तंबाखू, सोयाबीन आदी पिकांवरील प्रयोगांतून हे तत्त्व व्यापक स्वरूपात सिद्ध केले. बंद खोलीतील लागवड ज्या वैज्ञानिक पायावर उभी आहे, तो पाया असा तिच्या बराच आधी, संपूर्णपणे वेगळ्या हेतूने घातला गेला होता.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर करणे इष्ट ठरेल. दख्खनमध्ये तंतूसाठी अंबाडी व ताग ही पिके घेतली जात आणि इंग्रजी कागदपत्रांत त्यांनाही त्याच एका नावाखाली घातले जाई. प्रस्तुत वनस्पती त्यांहून भिन्न आहे. तंतूसाठी तिची लागवड प्रामुख्याने कुमाऊँ-गढवालसारख्या हिमालयीन प्रदेशांत होत असे. मैदानी मुलखात ती मुख्यतः गांजा व भांग यांसाठीच लावली जाई.

नौगावचा पारखदार

एकोणिसाव्या शतकात बंगालच्या राजशाही जिल्ह्यातील नौगाव परिसर (आजच्या बांगलादेशात) गांजाच्या लागवडीचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र होते. येथील लागवड व व्यापार यांची पाहणी करण्यासाठी बंगाल सरकारने डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र कर यांची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १८७७ मध्ये सादर झाला. १८९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील शास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनीही याच विषयावर स्वतंत्र अहवाल लिहिला. गांजाच्या लागवडीसंबंधी पद्धतशीरपणे लिहिलेले हे आधुनिक काळातील आरंभीचे साहित्य होय. ते लागवडदारासाठी लिहिलेले नव्हते. महसूल खात्याला या पिकावर नजर ठेवता यावी व त्यावरील कर वसूल करता यावा, हा त्यामागील हेतू होता.

या साहित्यातून समोर येणारी शेती अत्यंत श्रमाची आहे. पाण्याचा निचरा होणारी उंचवट्याची जमीन निवडून ती अनेकदा नांगरली जाई. पावसाळ्यात वाफ्यात रोपे तयार करून पाऊस ओसरू लागल्यावर त्यांची सरीवरंब्यांवर पुनर्लागण होई. खत, खुरपणी, खालच्या फांद्यांची छाटणी ही कामे एकामागून एक येत. थंडीच्या अखेरीस माल तयार होई. पायांनी तुडवून चपटा किंवा लाटून गोल असे त्याचे प्रकार बनविले जात. तयार माल लागवडदाराने हवा तसा विकण्याची मुभा नव्हती. परवाना, वजन, साठवण आणि विक्री या प्रत्येक टप्प्यावर अबकारी खात्याची देखरेख असे.

या सर्व प्रक्रियेत एका तज्ज्ञाची भूमिका निर्णायक होती. नर झाडे ओळखून ती उपटण्याचे काम सामान्य शेतकरी स्वतः करीत नसे. त्यासाठी पारखदार किंवा पोद्दार या नावाने ओळखला जाणारा जाणकार बोलावला जाई. फुले उमलून पराग उडण्यापूर्वीच नर ओळखणे हे त्याचे कसब होते. एकदा शेतातून फिरून हे काम संपत नसे. उशिरा प्रकटणारी नर फुले राहून जाऊ नयेत म्हणून पुनःपुन्हा तपासणी करावी लागे. मराठी वाचकाला हे नाव परके वाटणार नाही. नाण्यांची पारख करणारा तो पोतदार, हा अर्थ मराठी दप्तरांतून परिचित आहे. नाण्यातील खोट ओळखणाऱ्याचे नाव झाडातील नर ओळखणाऱ्यालाही मिळावे, यावरून त्या समाजाने या कौशल्याला दिलेले स्थान लक्षात येते.

नौगावच्या नवख्या लागवडदाराला आवश्यक असलेला सल्ला अशा रीतीने त्याच्या बांधावर उपलब्ध होता. तो उघड होता, मोबदला देऊन मिळत होता आणि सरकारला ज्ञात होता. १९१७ मध्ये येथील लागवडदारांनी आपली सहकारी संस्थाही स्थापन केली. याच सुमारास महाराष्ट्रातही सहकाराची चळवळ मूळ धरीत होती, हे लक्षात घेतल्यास गांजाचे पीक तत्कालीन ग्रामीण अर्थव्यवस्थेत अन्य नगदी पिकांप्रमाणेच एक म्हणून वावरत होते, हे स्पष्ट होते.

१८९३-९४ चा आयोग आणि मुंबई इलाखा

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात बंगालमधील गांजासंबंधी प्रश्न उपस्थित झाला. मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील सभासद डब्ल्यू. एस. केन यांचा त्यात पुढाकार होता. त्याची परिणती म्हणून जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने चौकशी आयोग नेमला. पंजाबातील वरिष्ठ महसुली अधिकारी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कपूरथळा घराण्यातील कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर एच. टी. ओमॅनी यांची निवड झाली होती.

आयोगाने ७० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदविल्या. त्यांत मुलकी अधिकारी, डॉक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, व्यापारी आणि लागवडदार यांचा समावेश होता. वनस्पती कोठे आपोआप उगवते, तिची लागवड कशासाठी होते, लागवड करणारे लोक इतर शेतकऱ्यांपेक्षा वेगळ्या वर्गाचे आहेत काय, अशा प्रश्नांना प्रश्नावलीत स्थान होते. १८९४ मध्ये सात खंडांत अहवाल पूर्ण झाला. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे शारीरिक, मानसिक किंवा नैतिक हानी होत नाही, अतिसेवन मात्र अपायकारक आहे, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींची आयोगाने केलेली छाननी आजही अभ्यसनीय आहे. वेडाचे कारण या रकान्यात अनेकदा कोणतीही खरी चौकशी न करता गांजा असे लिहिले गेले होते, असे या छाननीतून उघड झाले.

लागवडीच्या दृष्टीने या अहवालाचे महत्त्व त्याच्या शिफारशींत आहे. लागवड परवान्यानेच व्हावी, ती ठराविक क्षेत्रापुरती मर्यादित असावी, तयार माल सरकारी देखरेखीखालील गोदामात ठेवावा आणि त्यावर वजनानुसार कर घ्यावा, अशी आयोगाची दिशा होती. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) आणि सातारा हे गांजा पिकविणारे प्रमुख जिल्हे होते, तर मध्य प्रांतात निमाडमधील खांडव्याचा गांजा प्रसिद्ध होता. इलाख्यातील मादक पदार्थांचे नियमन १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये होत असे. आयोगानंतरच्या काळात पीक घेण्याचे क्षेत्र आवळले गेले. परंतु ते उघड्या शेतातच राहिले. सरकारला कर हवा होता आणि कर घेण्यासाठी पीक दिसणे आवश्यक होते. पीक अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडावे असाच हा सारा नियमनाचा प्रकार होता.

परवान्याकडून बंदीकडे

विसाव्या शतकात हे चित्र आंतरराष्ट्रीय करारांमुळे बदलले. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत ईजिप्तच्या आग्रहावरून या वनस्पतीचा समावेश नियंत्रित पदार्थांत झाला. १९६१ च्या अमली पदार्थविषयक एकल कराराने वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाव्यतिरिक्त तिचा वापर थांबविण्याचे बंधन घातले. परंपरागत वापर असलेल्या देशांना त्यासाठी करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला. म्हणजे ही मुदत १९८९ मध्ये संपणार होती. बिया व फुलोऱ्याशिवायची पाने कराराच्या व्याख्येतून वगळली गेल्याने भांग मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

स्वतंत्र भारतात मुंबई राज्याने १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात मद्याबरोबर या वनस्पतीलाही निषिद्ध ठरविले. देशपातळीवर १९८५ मध्ये अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत होऊन १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. नौगावातील लागवडही १९८० च्या दशकात बंद पडली. पारखदाराच्या कसबाला त्याबरोबर कायदेशीर आधार उरला नाही. जे ज्ञान कर आणि हेमचंद्रबाबूंच्या पाहणीपुरतेच कागदावर आले होते, ते बांधावरून नाहीसे होण्याच्या मार्गाला लागले. या कारागिरांची नावे सरकारी अहवालांत आढळत नाहीत. त्यांच्या कामाचा उल्लेख तेवढा राहिला.

अमेरिकेतील बंद खोली

ज्या दशकांत भारतीय उपखंडात परवान्याची शेती संपुष्टात येत होती, त्याच दशकांत अमेरिकेत घरातील लागवड उदयास आली. हा केवळ योगायोग नव्हता. एकाच आंतरराष्ट्रीय बंदीव्यवस्थेचे हे दोन परिणाम होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काबूल, काठमांडू आणि गोव्यातील हणजूण या मार्गाने पाश्चात्त्य तरुण प्रवास करीत. परतताना काहींनी अफगाणिस्तान व भारतीय उपखंडातील बियाणे बरोबर नेले. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत लष्करी हस्तक्षेप यांमुळे हा खुष्कीचा मार्ग खंडित झाला. तोपर्यंत बियाणे कॅलिफोर्नियात पोहोचले होते.

अमेरिकेत तोवर मुख्यतः मेक्सिकोतून येणारा माल खपत असे. १९७५ पासून मेक्सिको सरकारने अमेरिकेच्या साहाय्याने तेथील पिकांवर पॅराक्वाटसारख्या तणनाशकाची फवारणी आरंभिली. १९७८ च्या सुमारास या विषारी मालाविषयी अमेरिकेत मोठी घबराट पसरली आणि देशी लागवडीला चालना मिळाली. उत्तर कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी या परगण्यांत डोंगराळ भागात शेती वाढली. तिला प्रतिबंध करण्यासाठी १९८३ मध्ये हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने पिके शोधून नष्ट करण्याची राज्यव्यापी मोहीम सुरू झाली. १९८६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, विमानातून परसातील झाडे पाहण्यास पोलिसांना वॉरंटची गरज नाही, असा निर्णय दिला. १९८९ मध्ये हेलिकॉप्टरमधून काचगृहाच्या फटीतून केलेली पाहणीही ग्राह्य धरली गेली.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रथम डोंगर, मग परस आणि मग काचगृह अशी एकेक उघडी जागा लागवडदाराच्या हातून गेली. आकाशातून न दिसणारी जागा एकच उरली, ती म्हणजे घराच्या चार भिंती. १९६० च्या दशकात रस्त्यावरील दिव्यांसाठी बाजारात आलेल्या उच्चदाब सोडियम दिव्यांनी तेथे सूर्याची जागा घेतली. खोलीत दिव्याचे तास कमी-जास्त करून वर्षाच्या कोणत्याही महिन्यात शरद ऋतू निर्माण करता येऊ लागला. तुर्न्वा यांच्या निरीक्षणाला हा अनपेक्षित उपयोग सापडला.

शासनही मागे राहिले नाही. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकी अमली पदार्थविरोधी यंत्रणेने देशभर छापे घातले. ‘हाय टाइम्स’ आणि ‘सिन्सेमिया टिप्स’ या नियतकालिकांत जाहिराती देणारी बागकामसाहित्याची दुकाने व त्यांचे ग्राहक हे या मोहिमेचे लक्ष्य होते. १९९२ मध्ये ओरेगन राज्यात एका घरावर उष्णतादर्शक यंत्र रोखून पोलिसांनी दिव्यांची ऊब टिपली आणि आतील लागवड उघडकीस आणली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, घराच्या आतील माहिती अशा यंत्राने मिळविणे ही झडतीच असून तिला वॉरंट आवश्यक आहे, असे ठरविले. घराच्या खासगीपणासंबंधीचा हा महत्त्वाचा निवाडा गांजाच्या झाडांवरून निर्माण झाला, हे उल्लेखनीय आहे.

सल्ल्याचे बदललेले स्वरूप

या परिस्थितीत नवख्या लागवडदाराला सल्ला कोण देणार? त्याच्याजवळ बाप-आजांची परंपरा नव्हती, पारखदार नव्हता आणि कृषी खात्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. ही उणीव पुस्तकांनी भरून काढली. मेल फ्रँक व एड रोझेनथल यांचे लागवडविषयक पुस्तक १९७० च्या दशकात, तर जॉर्ज सर्व्हांटिस यांचे केवळ घरातील लागवडीला वाहिलेले पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी फ्रँक व सर्व्हांटिस ही दोन्ही टोपणनावे आहेत. नौगावचा तज्ज्ञ निनावी राहिला, कारण वसाहतीच्या सरकारला त्याचे नाव नोंदविण्याची गरज वाटली नाही. अमेरिकेचा तज्ज्ञ निनावी राहिला, कारण नाव उघड होणे धोक्याचे होते. ज्ञानाचा अधिकारी पुरुष दोन्हीकडे पडद्याआड राहिला, तरी त्या पडद्यांची कारणे परस्परविरुद्ध होती.

सल्ल्याच्या आशयाची तुलना अधिक बोधप्रद ठरते. वनस्पतीविषयीचा भाग बराचसा जुनाच आहे. नर वेळीच काढा, मुळांशी पाणी साचू देऊ नका, खताचा अतिरेक करू नका, घाईने काढणी करू नका, माल सावकाश वाळवा. यांतील कोणतीही सूचना नौगावच्या शेतकऱ्याला नवी वाटली नसती. सिन्सेमिया हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ बिनबियांचे असा आहे. पारखदार ज्यासाठी शेतात फिरत असे, तेच हे ध्येय. अमेरिकी लागवडदारांनी ते नौगावकडून घेतले असे म्हणण्यास आधार नाही. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनाही ही पद्धत अवगत होती. वनस्पतीचा स्वभाव एकच असल्याने निरनिराळ्या ठिकाणचे लोक एकाच ज्ञानापर्यंत पोहोचले, असे म्हणणे योग्य होईल.

नवा भाग होता तो निराळाच. उजेड खिडकीतून बाहेर फुटू नये, वास शेजाऱ्याकडे जाऊ नये, विजेचे बिल संशयास्पद वाढू नये, पंख्याचा आवाज येऊ नये आणि सर्वांत मुख्य म्हणजे कोणाजवळ वाच्यता करू नये, अशा सूचनांनी या सल्ल्यात मोठी जागा व्यापली. कोळशाची गाळणी ही झाडाची गरज नव्हे, ती लपविणाऱ्याची गरज आहे. बुटके, लवकर फुलणारे वाण निवडण्याचा आग्रहही छताच्या उंचीमुळे व लवकर काढणी करून मोकळे होण्याच्या निकडीमुळे निर्माण झाला. त्यासाठी अफगाण बियाण्यापासून केलेले संकर सोयीचे ठरले आणि १९८० च्या दशकात हॉलंडमधील बियाणे विक्रेत्यांनी ते टपालाने देशोदेशी पोहोचविले. या रुंदपानी वाणांना बाजारात इंडिका हे नाव पडले. वस्तुतः १७८५ मध्ये लामार्क यांनी हे नाव हिंदुस्थानातून आलेल्या, अरुंद पानांच्या नमुन्यांना दिले होते. भारताचे नाव राहिले, पण ते ज्या झाडाला दिले होते ते झाड त्या नावामागून निघून गेले.

नौगावच्या पद्धतीत शेतकरी चुकला तर पारखदार ती चूक दाखवून देई. गुप्ततेच्या पद्धतीत चूक दाखविणारा कोणी नसे, कारण झाड कोणाला दाखविताच येत नसे. नवखा लागवडदार पुस्तकावर विसंबून एकट्याने चुकत राहिला. बंदीमुळे लागवड थांबली नाही. मात्र लागवडीतील सामुदायिकता संपली.

खोलीची किंमत

घरातील लागवडीची आणखी एक बाजू अलीकडील अभ्यासांतून पुढे आली आहे. इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील एकूण वीजवापराच्या सुमारे १ टक्का वीज बंदिस्त गांजा-लागवडीसाठी खर्च होत होती. २०२१ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बंदिस्त जागेत एक किलो वाळलेला माल तयार करताना अमेरिकेतील ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू उत्सर्जित होतात, असे आढळले. दिव्यांबरोबरच हवा थंड, उबदार व कोरडी राखण्याचा खर्च यात मोठा आहे. उघड्या शेतात ऊन फुकट मिळते. ज्या वनस्पतीला ऊन, वारा व निचऱ्याची जमीन पुरेशी होती, तिच्यासाठी कृत्रिम सूर्य उभारावा लागला, ही गुप्ततेची किंमत आहे. पुढे कायदे सैल झाल्यावरही ही सवय सुटली नाही. परवानाधारक अमेरिकी उद्योगाचा मोठा भाग आजही बंदिस्त जागेतच चालतो.

काही देशांनी अलीकडे घरगुती लागवडीला मर्यादित मान्यता दिली आहे. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने घरटी सहा झाडांची, कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडांची, तर जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीमागे तीन झाडांची मुभा दिली. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २०१८ मध्ये खासगी जागेत स्वतःच्या वापरासाठी केलेली लागवड खासगीपणाच्या हक्काखाली आणली. कॅनडातील क्वेबेक प्रांताने मात्र घरगुती लागवडीवर बंदी कायम ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. या देशांत नवख्या लागवडदाराचा पहिला प्रश्न आता किती झाडे हा आहे. झाडांची मोजणी करणारे राज्य पुन्हा अवतरले आहे. फरक इतकाच की, ते आता शेताच्या बांधावर नसून घराच्या उंबऱ्यावर आहे.

भारतातील आजची स्थिती

भारतात मात्र ही मुभा नाही. १९८५ च्या अधिनियमाचे कलम ८ या वनस्पतीच्या लागवडीस मनाई करते. कलम २० नुसार लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाळगण्याच्या गुन्ह्यात गांजाच्या वजनानुसार शिक्षेची प्रतवारी आहे. एक किलोपर्यंत अल्प आणि २० किलोंहून अधिक ते व्यापारी प्रमाण मानले जाते. लागवडीच्या गुन्ह्यात अशी प्रतवारी नाही. अधिनियमातील व्याख्येत या प्रजातीतील कोणत्याही झाडाचा समावेश होतो. शहरातील सदनिकेत ठेवलेली एक कुंडी आणि डोंगरउतारावरील एक एकर या दोहोंना कायद्याचे एकच कलम लागू पडते. शिक्षेचे प्रमाण न्यायालयाच्या विवेकावर राहते. जमीनधारकाने आपल्या जमिनीतील बेकायदा लागवडीची माहिती न दिल्यास तोही शिक्षेस पात्र ठरतो.

तंतू, बी किंवा उद्यानविद्येसाठीच्या लागवडीस सरकार कलम १४ खाली परवानगी देऊ शकते. या तरतुदीचा उपयोग करून उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचा पहिला परवाना दिला. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात या वनस्पतीला सर्वांत कडक अनुसूचीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. देशांतर्गत कायद्यात त्यामुळे बदल झाला नाही.

नवख्या भारतीय लागवडदाराचा प्रश्न येथे तीव्र स्वरूप धारण करतो. कॅलिफोर्निया, ओंटारिओ किंवा बर्लिन येथील वाचकांसाठी लिहिलेला सल्ला आज पुणे-मुंबईतील तरुणापर्यंत सहज पोहोचतो. त्या सल्ल्यात दिव्याचे वॅट असतात, मातीचा सामू असतो, परंतु तो ज्या कायद्याच्या छायेत लिहिला गेला तो कायदा त्याच्याबरोबर येत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी रोज संबंध येणाऱ्या अध्यापकवर्गाने ही तफावत ध्यानात घेणे अगत्याचे आहे. झाडाविषयीची माहिती अचूक असूनही त्या तरुणासाठी तो सल्ला मूलतः अपुरा ठरतो. त्याची चूक पीक वाया जाण्यापुरती मर्यादित राहत नाही. तिच्यामुळे त्याचे शिक्षण, नोकरी आणि उमेदीची वर्षे पणाला लागू शकतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. गांजाच्या लागवडीचे मूलभूत ज्ञान एकोणिसाव्या शतकात नौगाव, खांडवा व दख्खन येथील शेतकऱ्यांना अवगत होते आणि नौगावात पारखदार हा त्या ज्ञानाचा मान्यताप्राप्त वाहक होता. अमेरिकी पुस्तकांनी वनस्पतीविषयी सांगितलेल्या मुख्य गोष्टी या ज्ञानाशी जुळणाऱ्या आहेत.

२. वसाहतकालीन व्यवस्थेला कर हवा असल्याने पीक दृश्य राहिले. बंदीच्या व्यवस्थेने ते अदृश्य केले. घरातील लागवडीचे तंत्र मुख्यतः या अदृश्यतेच्या गरजेतून घडले.

३. १८९४ च्या आयोगाने १,१९३ साक्षींनंतर बंदीऐवजी नियमनाचा पुरस्कार केला. त्यानंतर ९१ वर्षांनी झालेल्या कायद्याने विरुद्ध मार्ग स्वीकारला. तो योग्य की अयोग्य याचा निवाडा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. परंतु लागवडदारांना प्रत्यक्ष विचारून धोरण ठरविण्याची जी पद्धत वसाहतीच्या सरकारने एकदा अनुसरली, तिचा विचार भावी धोरणकर्त्यांनी अवश्य करावा.

४. सल्ला हा नेहमी एका विशिष्ट कायद्याच्या चौकटीतच अर्थपूर्ण ठरतो. ती चौकट वगळून केवळ तंत्र स्वीकारणारा नवखा लागवडदार निम्मेच ज्ञान घेतो, आणि राहिलेल्या निम्म्याची किंमत त्याला न्यायालयात मोजावी लागते.